फिरवून बघायचं चित्र

तापलेली निब लाकडाला टेकते तेव्हा आधी आवाज येतो, मग वास, आणि रेघ सगळ्यात शेवटी दिसते. आवाज अगदी बारीक असतो, लांबवर कुणी वाळकी पानं तुडवत जावं तसा. वास दर लाकडाचा निराळा. रेघ डोळ्यांना दिसेपर्यंत निब पुढे सरकलेली असते, त्यामुळे मी बघते ते नेहमी नुकतंच होऊन गेलेलं असतं. कागदावर पेन्सिलीचं टोक आणि डोळा बरोबर चालतात. इथे हात पुढे आणि डोळा मागे. ही चाल अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली.

दादा लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातणारा आणि मी त्याने कातलेल्या वस्तूंवर जाळून आणि रंगवून चित्रं काढणारी, अशी आमची वाटणी आहे. तो वाडगे कातून देतो, झाकणाच्या डब्या देतो, कधी एखादी उंच मानेची फुलदाणी. मी त्यावर पानं, पिसं, नेचे, चतुर, शेवाळलेल्या फांद्या काढते. रेषा निबने जाळून, रंग रंगीत पेन्सिलींनी. हे सांगताना काम दोन टप्प्यांचं वाटतं, आधी त्याचं आणि मग माझं. मीही सुरुवातीला तसंच समजत होते.

पहिला वाडगा मॅपलचा होता, पांढुरका, जेमतेम ओंजळीएवढा. त्यावर मी नेच्याची पानं काढली. काठापासून बुडापर्यंत बोटभर जागा मोकळी सोडली नाही. प्रत्येक पर्णिका, प्रत्येक शीर, मागच्या पानाची पुढच्या पानावर पडलेली सावलीसुद्धा. सात आठवडे लागले. दादाने वाडगा हातात घेतला, खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला.

"काम चांगलं झालंय तुझं," तो म्हणाला. मग थांबून, "फक्त हे कागदावर काढलं असतंस तरी चाललं असतं."

दादा मोजकं बोलतो आणि टोचावं म्हणून कधीच बोलत नाही, म्हणून ते जास्त लागलं. तीन दिवस मी वाडग्याकडे फिरकले नाही. चौथ्या दिवशी उचलून तिरप्या उजेडात धरला. पानांच्या खाली, रंगाच्या खाली, लाकडात आडव्या लाटा होत्या. काही मॅपलमध्ये तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढतात, आणि उजेड फिरला की त्या लाटा पाण्यासारख्या हलतात. तसं लाकूड मुद्दाम शोधावं लागतं. दादाने ते शोधलं होतं, लाटा बरोबर पोटावर याव्यात म्हणून ठोकळा दोनदा फिरवून धरला होता आणि मग कातला होता. मी त्यावर सात आठवडे नेचे पेरले होते.

तेव्हापासून वस्तू हातात आली की पहिले काही दिवस मी काहीच काढत नाही. ती टेबलावर ठेवते, येता-जाता फिरवते आणि तिच्यावर आधीच काय काढलेलं आहे ते बघते.

लाकडावर पुष्कळ काही आधीच काढलेलं असतं. ओंडका उभा चिरून त्यातून वाडगा कातला, की त्याच्या गोलाईवर दोन समोरासमोरच्या बाजूंना रेषा लांब, आडव्या धावतात. उरलेल्या दोन बाजूंना त्याच रेषांची कापलेली टोकं वर येतात. वाडगा एकच असला तरी हातात फिरवताना आपण दोन निरनिराळ्या पृष्ठभागांवरून चार वेळा जातो, आणि निबला हे डोळ्यांच्या आधी कळतं. आडव्या रेषांवर ती घसरते, वळण घ्यायला कुरकुरते, कठीण रेघ आली की अडते आणि मऊ लागताच खोल शिरते. टोकांच्या बाजूला वेगळंच. लाकडात उष्णता तंतूंच्या दिशेने जेवढी सहज वाहते, तेवढी आडवी वाहत नाही. साधारण दीड ते पावणेतीन पटींचा फरक पडतो. टोकांच्या बाजूला निब टेकली की उष्णता नळीतून जावी तशी आत निघून जाते, वर रेघ फिकी राहते. एकाच वेगाने, एकाच तापमानावर चार पानं काढली तर ती चार निरनिराळ्या ऋतूंतली दिसतात.

पूर्वी मी हा फरक मिटवायला बघायचे. टोकांच्या बाजूला हात सावकाश करायचा, दुसऱ्या बाजूला झपझप. आता ठरवते की कोणतं पान कुठे पडेल. जून, जाड शिरांचं पान आडव्या रेषांच्या बाजूला, कोवळं पान टोकांच्या बाजूला. लाकूड जे करणारच आहे, ते त्याला करू द्यायचं.

ज्यांना हे काम करून बघायचं असेल त्यांनी लाकडाच्या निवडीत घाई करू नये. मॅपल, लिंडन, बीच, सिकॅमोर अशी फिकी, बारीक आणि सारख्या छिद्रांची लाकडं यासाठी उत्तम. ओक आणि ॲश यांच्यात वसंतातल्या वाढीची छिद्रं मोठी असतात, पेन्सिलीचं टोक त्यांत अडखळतं आणि रंग ठिपक्यांनी बसतो. पाइनमध्ये मऊ आणि कठीण पट्टे इतके वेगळे की सरळ रेघही पायऱ्यांसारखी जळते, वर राळेचा धूर. साग देखणा, पण मुळातच गडद आणि तेलकट, त्यावर रंग बोलत नाही. एमडीएफ, प्लायवूड किंवा रसायनांत मुरवलेलं लाकूड कधीही जाळू नये, त्यांतल्या गोंदाचा आणि औषधांचा धूर विषारी असतो. साध्या लाकडाच्या धुरातही फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. मी एक छोटा पंखा धूर माझ्यापासून दूर ओढेल असा ठेवते आणि चेहरा रेषेच्या बरोबर वर येऊ देत नाही. घासताना मास्क लावते. लाकडाच्या भुशाची कर्करोगाच्या सिद्ध कारणांत नोंद आहे. सुगंध येतो म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

लाकूड पुरतं वाळलेलं हवं, हेही मी चुकून शिकले. दादाने एक ओला वाडगा नुसता ठेवून दिला होता, तो मी न विचारता उचलला आणि काठाभोवती बारा पानांचं नेमकं वर्तुळ जाळलं. तीन महिन्यांनी वाडगा लांबट झाला होता. लाकूड वाढवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, ते साधारणपणे गाभ्याकडच्या दिशेच्या दुप्पट असतं, म्हणून गोल वस्तू वाळताना गोल राहत नाही. माझी पानं दोन बाजूंना दाटीने उभी होती आणि दोन बाजूंना हात पसरून. दादा काही बोलला नाही. त्याने तो वाडगा त्याच्या टेबलावर खिळे ठेवायला घेतला, आजही तिथेच आहे.

पानं मी इतकी का काढते, याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा मिळालं.

सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट नावाच्या माणसाने एक प्रयोग केला होता. कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घातली, तीत ५ पौंडांची विलोची फांदी लावली आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांच्या वर भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम २ औंसांनी कमी झाली होती. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हे छापून आलं. झाड मातीतून होत नाही हे त्याने दाखवलं, पण ते पाण्यातून होतं असा निष्कर्ष काढला. तिथे तो अर्धाच बरोबर होता. १८०४ साली निकोला-तेओदोर द सोस्यूर या शास्त्रज्ञाने काटेकोर वजनं करून दाखवलं की झाडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, आणि पाणीही झाडाच्या वजनात भर घालतं.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. तो सगळा पानांनी हवेतून आणलेला. म्हणजे माझ्या मांडीवरचा हा वाडगा म्हणजे पानांनीच केलेलं काम आहे, झडून मातीत गेलेल्या, कुणी मोजली नाहीत अशा असंख्य पानांनी. निब तापवून मी त्यावर पान काढते तेव्हा काय होतं? लाकूड मुख्यतः तीन घटकांचं असतं. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातलं हेमिसेल्युलोज तुटायला लागतं, ३०० च्या पुढे सेल्युलोजची पाळी येते, आणि तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन या दोघांच्या आधीपासून नंतरपर्यंत सावकाश जळत राहतं. पाणी आणि वायू उडून जातात, मागे कार्बन उरतो. माझी काळी रेघ म्हणजे तो कार्बन. पानाने एकेकाळी हवेतून वेचून आणलेला, आता पुन्हा पानाच्याच आकारात. मी रेघ वरून आणत नाही, ती आत होतीच. शाई बाहेरून येते, रंग बाहेरून येतो, पण जळकी रेघ लाकडाचीच असते.

हे कळल्यापासून माझा हात पान काढताना जरा हळू चालतो. याहून जास्त मला सांगता येत नाही.

आता गोलाईविषयी, कारण पहिल्यांदा वाडग्यावर चित्र काढणारा प्रत्येक जण इथेच चक्रावतो. कागदावर सुंदर फांदी काढायची, ग्राफाइटचा कागद खाली धरायचा, वाडग्यावर गुंडाळून छापायची, एवढंच वाटतं. कागद बसत नाही. पोटाशी ताणतो, काठाशी चुणतो. वाडगा एकाच वेळी दोन दिशांना वळलेला आहे, आणि असा पृष्ठभाग न ताणता, न चुणता सपाट करता येत नाही हे गाउस या गणितज्ञाने १८२७ साली गणिताने सिद्ध केलं. पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर अचूक येत नाही तो याच कारणाने. मी ट्रेसिंग पेपरला कडेपासून आतपर्यंत चिरा देते, पाकळ्या पाकळ्या करून चिकटवते, आणि चिरांच्या जागी फांदी हाताने जोडते. खरं तर आता बहुतेक वेळा कागद वापरतच नाही. मऊ पेन्सिलीने थेट लाकडावर दोन-चार खुणा करते आणि वाडगा फिरवत राहते.

समान भाग पाडायचे असले तर लेथवरची इंडेक्स चकती कामाला येते. वस्तू लेथवर असतानाच ती ठरावीक कोनांवर अडकवून खुणा करून घ्यायच्या. २४ खाचांच्या चकतीवर सहा किंवा आठ पानं चटकन बसतात. पाच पाकळ्यांचं फूल मात्र बसत नाही, २४ ला ५ ने भाग जात नाही म्हणून. आणि फुलांत पाच पाकळ्याच जास्त भेटतात! अशा वेळी कागदाची पट्टी काठाभोवती गुंडाळते, लांबी मोजते, पाचाने भागते. १८ सेंटिमीटर व्यासाच्या वाडग्याचा घेर साडेछप्पन्न सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे एका पाकळीला सव्वा अकरापेक्षा थोडं जास्त.

पण समान भागांचा माझा सोस हळूहळू सरला. वाडग्याला सुरुवात नसते. भिंतीवरचं चित्र एका नजरेत समोर येतं, वाडग्याचं निम्मं चित्र नेहमी पलीकडे असतं. बघणाऱ्याने तो हातात घेऊन फिरवला तरच पुढचं दिसतं, आणि तेवढ्यात मागचं दिसेनासं होतं. म्हणून वाडग्यावर एकदम दिसणारं चित्र काढून भागत नाही. एकामागून एक भेटत जाईल असं काहीतरी काढावं लागतं. फांदी एका बाजूने वर येते, काठापाशी नाहीशी होते, आतल्या बाजूने तिचं टोक डोकावतं. मध्ये बराच वेळ नुसतं लाकूड. मग अचानक एक चतुर. त्या मधल्या लाकडाला मी पूर्वी रिकामी जागा म्हणायचे. आता म्हणत नाही, दादाची रेघ तिथून जात असते.

जाळण्याच्या हाताबद्दल थोडं सांगते. निकेल-क्रोमच्या तारेची निब काही सेकंदांत तापते आणि तितक्याच लवकर निवते. ती टेकवण्याआधी मी हलकी फुंकर मारते, नाहीतर पहिल्या स्पर्शाला टिंब पडतं आणि रेघ त्या टिंबाची शेपटी होऊन बसते. हात हवेतच चालू करायचा, चालता चालता टेकवायचा आणि चालता चालताच उचलायचा. बदक पाण्यावर उतरतं तसा, आधी सरपटत. दाब द्यायचा नाही. काळं हवं असेल तर सावकाश जायचं किंवा परत यायचं, जोर केला की खोल चर पडते आणि कडा करपतात. निबवर काजळी साचली की रेघ मळकट येते, म्हणून चामड्याचा एक तुकडा शेजारी असतो, दर दहा-पंधरा रेघांनी त्यावर निब पुसायची. आणि वस्तूला हात लावण्याआधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर चाचणी. दादा प्रत्येक वस्तूबरोबर कापून उरलेला तुकडा देतो, त्यावर वस्तूचं नाव पेन्सिलीने लिहून. ही त्याची माया मी गृहीत धरत आले आहे, आज लिहिताना जाणवलं.

जळलेली रेघ पुसता येत नाही. टोकदार पात्याने खरवडून थोडी फिकी करता येते, पिसाच्या तंतूंवर उजेडाच्या बारीक रेघा मी अशाच काढते. पण चुकीची रेघ नाहीशी होत नाही, तिला चित्रात सामावून घ्यावं लागतं. माझ्या कितीतरी पानांना कीड लागलेली आहे ती याच कारणाने. कुरतडलेली कडा, मध्ये भोक. पुढे लक्षात आलं की झाडावर निर्दोष पान शोधायलाच वेळ लागतो, तेव्हापासून चूक नसली तरी मी एखादं पान कुरतडलेलं काढते.

रंग नेहमी जाळून झाल्यावर. रंगवलेल्या जागेवर पुन्हा निब नेली तर मेण वितळतं आणि रंगद्रव्याचा धूर नाकात जातो, तो टाळायलाच हवा. आधी जाळण्याचा आणखी एक फायदा असा की रेघेची बारीक चर बांधासारखी काम करते, पेन्सिल तिथे येऊन आपोआप थांबते.

रंगीत पेन्सिलच का, ॲक्रिलिक का नाही, असं मला विचारतात. पेन्सिलीचा रंग पारदर्शक असतो म्हणून. तिच्यातून लाकडाच्या रेषा दिसत राहतात, रंगाखाली बुजत नाहीत. साधी शिसपेन्सिल आणि ही, दोघी दिसायला बहिणी, पण घडण वेगळी. फ्रान्सचं ब्रिटनशी युद्ध चालू होतं, चांगलं ग्राफाइट मिळेनासं झालं होतं, तेव्हा निकोला-झाक काँते या फ्रेंच माणसाने ग्राफाइटची भुकटी मातीत मळून भट्टीत भाजली आणि १७९५ साली त्याचं पेटंट घेतलं. आजची शिसपेन्सिल अजून त्याच वाटेने होते. रंगीत पेन्सिलीची कांडी भट्टीत घालत नाहीत, रंग जळून जातील. रंगद्रव्य, मेण किंवा तेल, भरीला पांढरी माती आणि चिकटवणारा डिंकासारखा पदार्थ, हे मळून नुसतं वाळवतात. म्हणून ती मऊ असते, लाकडाच्या खरखरीवर उमटते आणि वस्तरा चालवला तर बरीचशी निघतेही. एक कांडी आगीतून गेलेली, दुसरी आगीपासून जपलेली. वाडग्यावर या दुसरीची आगीशी गाठ पडते, फक्त आग तिच्या आधी येऊन गेलेली असते.

लाकूड ३२० किंवा ४०० नंबरच्या सँडपेपरपर्यंत घासावं, त्यापुढे नाही. आरशासारखं केलं की पेन्सिल घसरते, रंग धरायला जागाच उरत नाही. दाबून रंगवू नये. हलक्या हाताने सहा-सात थर, प्रत्येक थराची दिशा थोडी वेगळी. हिरवं पान फक्त हिरव्याने केलं तर प्लास्टिकचं दिसतं. मी आधी जांभळ्याने सावल्या घालते, मग पिवळा, मग दोन हिरवे, आणि शिरांच्या कडेला किंचित तपकिरी. आणि कागद पांढरा असतो तसं लाकूड पांढरं नसतं हे विसरायचं नाही. त्याचा पिवळसरपणा प्रत्येक रंगात मिसळतो.

सगळ्यात जास्त तो निळ्यात मिसळतो. खंड्याचं पीस काढताना मी हे पुरतं भोगलं. पक्ष्याच्या पिसातला निळा हा बहुधा रंगद्रव्याचा नसतोच. पीस ज्याचं बनतं त्या केराटिनमध्ये प्रकाशाच्या लहरींहून बारीक अशी जाळीदार रचना असते, ती निळा प्रकाश परत फेकते. पीस कुटून भुकटी केली तर निळा नाहीसा होतो. म्हणून पिसाचा निळा एका जागी बसत नाही, उजेड बदलला की थोडा बदलतो, आणि एका निळ्या पेन्सिलीने तो कधीच येत नाही. मी खाली दुधी पांढऱ्याचा थर दिला, लाकडाचा पिवळा अडवायला. त्यावर आकाशी, मोरपंखी, गडद निळा, कडेला जांभळ्याची झाक. दांडा जाळलेला, तंतू सुरीसारख्या धारदार निबने एकेक ओढलेले, दर मिलिमीटरला दोन-तीन. पाच आठवडे. पीस जिवंत झालं होतं, हे मी अभिमानाने सांगते.

मग मी त्यावर तेल लावलं.

लाकडाला तेल लावायचं असतं एवढंच माझ्या डोक्यात होतं. दादाच्या सगळ्या वस्तू तेलाने उजळतात. तेल पिवळसर, शिवाय त्यातला द्रावक पेन्सिलीचं मेण विरघळवतो. फडक्याला आधी आकाशी लागला, मग जांभळा. उरलेला निळा तेलाखाली शेवाळी होत गेला, अर्ध्या तासात पीस कुठल्याशा दुसऱ्याच पक्ष्याचं झालं. मी फडकं हातात घेऊन तशीच बसून राहिले. रडू आलं, तेही लिहायला मला संकोच नाही. आता रंगवलेल्या वस्तूवर फडकं फिरवतच नाही. आधी दोन दिवस थांबायचं, मेण वर येऊन पांढुरकी साय धरली असेल तर मऊ कापडाने अलगद टिपायची, मग रंग धरून ठेवणाऱ्या फिक्सेटिव्हचे अगदी पातळ फवारे, आणि त्यावर पिवळं न पडणाऱ्या ॲक्रिलिक लॅकरचे. पहिला फवारा इतका विरळ की पडला की नाही अशी शंका यावी. ओला थर एकदम दिला तर रंग तरंगतात.

उजेडही रंग खातो. पेन्सिलींच्या प्रकाशाला टिकण्याचं एक मानकसुद्धा आहे, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, डी ६९०१ नावाचं, पण मला स्वतः बघायचं होतं. मॅपलच्या पट्टीवर माझ्या सगळ्या पेन्सिलींचे ठसे काढले, शेजारी एक रेघ जाळली, निम्मी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाकली आणि उन्हाच्या खिडकीत तीन महिने ठेवली. पुठ्ठा काढला तेव्हा दोन गुलाबी आणि एक जांभळा जवळजवळ निघून गेले होते. त्या तीन पेन्सिली मी वेगळ्या काढल्या. पण मी विसरले होते ते वेगळंच होतं. रंगांच्या मधलं उघडं लाकूड झाकलेल्या भागापेक्षा स्पष्ट पिवळं झालं होतं. लिग्निन अतिनील किरण शोषतं आणि बदलत जातं. फिके रंग फिके होतात आणि फिकं लाकूड गडद होतं, दोघं एकमेकांच्या दिशेने चालत येतात. फक्त जळलेली रेघ तशीच होती. कार्बनला उन्हाचं काही नाही.

पंधरा दिवसांपूर्वी दादाने बीचचा एक वाडगा आणून दिला. झाड पडून राहिलं होतं, लाकडात बुरशी शिरली होती. अशा लाकडात निरनिराळ्या बुरशींच्या वसाहती एकमेकींना भिडतात तिथे त्या काळी सीमा आखून घेतात. बारीक, नागमोडी, शाईच्या टाकाने ओढल्यासारखी रेघ. या वाडग्यावर अशी एक रेघ काठावरून निघून पोटावरून तिरपी उतरत होती, दुसऱ्या बाजूला दुभंगून पुन्हा एक होत होती.

"हे नुसतं ठेवायचं का?" त्याने विचारलं. "यावर आता तू काय काढणार?"

"बघते," म्हणाले.

बारा दिवस बघितलं. नेचे नकोत, पान नको, पीसही नको. तेराव्या दिवशी मास्क लावला, कारण या लाकडाचा भुसा जास्तच जपण्यासारखा, आणि निबचं तापमान नेहमीपेक्षा बरंच खाली आणलं. बुरशीने पोखरलेलं लाकूड मऊ असतं, निब लोण्यात शिरावी तशी शिरते. एका बैठकीत काम झालं. वर लॅकरचे चार फवारे.

काल तो घ्यायला आला. वाडगा हातात घेतला, एकदा पूर्ण फिरवला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा फिरवला, या वेळी सावकाश, अंगठा त्या काळ्या रेघेवरून नेत. काठापासून खाली, पोटावर, दुभंग, पुन्हा एक.

तिसऱ्या फेरीला अंगठा थांबला. रेघ दुभंगते त्याच्या जरा अलीकडे, रेघेवरूनच चाललेली, सहा मिलिमीटरची एक मुंगी. सहाही पाय मधल्या भागातून निघालेले, मिशा कोपरात मोडलेल्या, पाठीवर तांबूस तपकिरीचे चार थर आणि पात्याने खरवडलेला उजेडाचा एक ठिपका.

"सापडली," दादा म्हणाला. मग ती कुठून आली असेल ते बघायला त्याने वाडगा उलट्या बाजूने फिरवला.